घटाचं रुजवण पिवळं का?

प्रश्न : आम्ही घटाला लाल माती घालतो. नवव्या दिवशी गव्हाची पाती वीतभर होतात, पण पिवळीफटक. निपाणीच्या पाहुण्यांकडे काळी माती, तिथंही तेच. गेल्या वर्षी चिमूटभर युरिया टाकला, तरी फरक नाही. काय कमी पडतं?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : युरिया वाया गेला. पहिल्या आठवड्याची शिदोरी दाण्यातच असते. माती कुठलीही असो, देवघरात कमी पडतो तो उजेड. अंधारात हरितद्रव्याची घडण प्रोटोक्लोरोफिलाइड या त्याच्या अर्धवट रूपापाशी येऊन थांबते. ते पुढं नेणारं एन्झाइम (पेशीतली क्रिया घडवणारं प्रथिन) उजेड पडल्याशिवाय हलतच नाही. पाइनची रोपं अंधारातही हिरवी होतात, कारण त्यांच्याकडे उजेडाविना चालणारं आणखी एक एन्झाइम असतं. गहू, शाळू, मका यांच्याकडे ते नाही. दिसतो तो पिवळेपणा कॅरोटिनॉइड या पिवळ्या रंगद्रव्यांचा.

अंधारात प्रोटोक्लोरोफिलाइडचा साठा अगदी थोडा असतो, कारण ते साठलं की तेच मागून येणाऱ्या कच्च्या मालाची वाट अडवतं. हे बरंच आहे. ते वाजवीपेक्षा जास्त झालं, तर उजेडात ऑक्सिजनला चेतवून पातंच जाळतं. परडी खिडकीत ठेवली की आहे तो साठा क्षणात पुढच्या रूपात बदलतो, पण डोळ्यांना काही कळत नाही. हिरवी झाक यायला दोन-चार तास, नीट हिरवं व्हायला एक-दोन दिवस लागतात. एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नका. खरं तर टोपीत खोवायला पिवळंच शोभतं!

प्रश्न : अंधारात हरितद्रव्य बनत नाही, हे मुलांना प्रयोगानं दाखवायला गहू सहा दिवस पेटीत अंधारात वाढवला. रोज मोबाइलच्या टॉर्चनं क्षणभर बघायचो, तेवढंच. तरी स्पिरिटमध्ये हिरवट अर्क उतरला. असं कसं?
— एक शिक्षिका, बेळगाव

उत्तर : बाई, टॉर्चनंच घात केला. प्रोटोक्लोरोफिलाइड पुढच्या रूपात बदलायला सेकंदाचा अंशही पुरतो. झोत पडला की साठा रिकामा, मग अंधारात तो पुन्हा भरतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झोत! शिवाय लाल उजेडाचा एक झोतही पात्याला पुढच्या हिरवेपणासाठी तयार करून ठेवतो.

पाणी पेरतानाच बेतानं घाला, पेटीवर जाड घोंगडी टाका आणि सहा दिवस उघडू नका. कापणी हिरव्या एलईडी झिरो बल्बच्या अंधुक उजेडात, झटपट करा. प्रोटोक्लोरोफिलाइड निळा आणि लाल उजेड जास्त शोषतं, हिरवा फार कमी. साध्या बल्बवर हिरवा जिलेटिन पेपर लावलात तर लाल उजेड झिरपतो. बल्बचं प्रतिबिंब सीडीच्या चकचकीत बाजूवर बघा : लाल पट्टा दिसला तर तो बल्ब बाद.

एक ग्रॅम पाती, चिमूटभर वाळू आणि खडूची पूड (कॅल्शियम कार्बोनेट; फळ्याचा जिप्समचा खडू नको) खलात घोटा, 10 मिली स्पिरिट घालून गाळा. खडू विसरलात तर पात्यातल्या आम्लानं हिरवा रंग मळकट होतो. हे सगळं त्याच अंधुक उजेडात, आणि स्पिरिटजवळ ज्योत नको. तुलनेला अर्धी पाती आधी चार तास खिडकीत ठेवून त्यांचा अर्कही तसाच काढा.