जिलबी की श्रीखंड?

प्रिय मनू,

शुक्रवारी आपल्याकडे सकाळ होती, सांगलीत दिवेलागण. आजी जिवतीच्या कागदापुढे बसून फोनवर कहाणी सांगत होती, मी मुठीत अक्षता धरून ऐकत होते. तू विचारलंस, "आई, हे फिक्शन आहे ना? मग हात कशाला जोडतेस?" मी "गप्प बैस" म्हणाले. नको होतं म्हणायला.

तू अर्धीच ऐकलीस. श्रीमंत भाऊ गावाला जेवण घालतो, गरीब बहिणीला बोलावत नाही. ती पोरं घेऊन येते, तर लोक हसतात म्हणून पंगतीतून उठवतो. पुढे देवी प्रसन्न होते, बहिणीकडे पैसा येतो, मग मानाचं आमंत्रण! ती दागिने काढून पाटावर मांडते आणि लाडू, जिलबी एकेका दागिन्यावर ठेवत जाते. म्हणते, दादा, तू ज्यांना बोलावलंस त्यांनाच जेवू घालतेय.

असं कोण करतं? पण तुझ्या मामाच्या मुंजीत सगळे मांडवात जेवत होते आणि माझी आत्या स्वयंपाकघरात, मोरीशेजारी. ब्लाउज दंडाला उसवलेला. ताटात जिलबी नाही, संपली होती म्हणे. मी नऊ वर्षांची होते, कहाणी पाठ होती, म्हणूनच मला ते दिसलं. नाहीतर आत्या नेहमी स्वयंपाकघरातच असायची. आजोबा वाईट नव्हते गं. आणि आजी? त्या श्रावणातही तिने हीच कहाणी वाचली, डोळे पुसत.

भाऊ कहाणीतल्यासारखाच निघाला, देवी काही निघाली नाही. आत्याने शुक्रवार कधी चुकवला नाही, तरी मुलगा एसटीत लागला तेव्हाच हातात दोन पाटल्या आल्या. माझ्या लग्नात ती पहिल्या पंगतीला होती. तिने जिलबीचा तुकडा हळूच पाटलीला टेकवला, हे मला लख्ख आठवतं.

काल आजीला हे सांगितलं, तर म्हणाली, "काहीतरीच! तुझ्या लग्नात जिलबी कुठे होती, श्रीखंड होतं."

आता हे तुमच्या लायब्ररीतल्या कुठल्या रॅकवर ठेवायचं, तूच सांग.

पुढच्या शुक्रवारी अक्षता नाही धरल्यास तरी चालेल. बसलीस तर बरं वाटेल, एवढंच. आजीला मात्र फिक्शनबिक्शन सांगत बसू नकोस. ओवाळून झालं की लांबच्या लेकरांसाठी ती चार दिशांना अक्षता टाकते. टोरांटो नेमकं कुठल्या दिशेला, ते तिने अजून विचारलेलं नाही.

तुझी,
आई