सासरी मालवणकडे सगळे 'राखणदाराला सांग' म्हणतात. राखणदार म्हणजे भूत का? आणि देवचार वेगळा का?

भूत नाही. हे आधीच सांगतो, कारण याच शब्दावरून माझं आणि माझ्या चुलतभावाचं सहा वर्षं बोलणं बंद होतं.

आमची जमीन वेंगुर्ले तालुक्यात. परड्याच्या कोपऱ्यात झाडाखाली एक उभा दगड आहे, ना छप्पर ना मूर्ती. भात कापून झालं की आजोबा तिथे कोंबडा द्यायचे. त्यालाच 'राखण देणं' म्हणतात. आधी गाऱ्हाणं: "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याची, गुराढोरांची, पोराबाळांची राखण कर." मागून आम्ही पोरं, "व्हय म्हाराजा!"

आजोबा गेल्यावर भाऊ मुंबईहून जमिनीसाठी गिऱ्हाईक घेऊन आला. त्या माणसाने दगडाबद्दल विचारलं. भाऊ म्हणाला, "जुन्या लोकांचं भूतबित, काढून टाकू." हे काकूच्या देखत, जिने लग्न होऊन आल्यापासून त्या दगडापाशी दिवा लावला. ती काही न बोलता आत गेली. मी मात्र तिथेच भांडलो. व्यवहार मोडला, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

शब्दच बघा. 'राखणे' संस्कृत 'रक्ष्'वरून आलं, 'दार' फारसी, चौकीदारातलं. आंब्याच्या बागेत रात्री जागणाराही राखणदारच. भूत लोक घालवतात. राखणदाराला कोणी घालवत नाही. तो कुलदैवतासारखा घराण्याबरोबर फिरतही नाही, जागेचाच असतो. काही ठिकाणी त्याला 'जागेवाला'च म्हणतात. म्हणून जमीन विकायची तर खुशाल विका, पण घेणाऱ्याला दगड दाखवा, राखण कधी द्यायची ते सांगा. भावाला मी एवढंच सांगत होतो.

देवचार गावाच्या शिवेवरचा, आमच्याकडे आणि गोव्यातही. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवतो अशी श्रद्धा. राखण तोही करतो, त्यामुळे बोलताना दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात. आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, रात्रभर गाव राखत फिरतो, चपला झिजतात, म्हणून त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. भाऊ इथेच पकडायचा: वेताळ भुतांचा राजा ना? हो, राजा. भुतांना ताब्यात ठेवणारा.

राखणदाराला सांगायला तुम्ही जा. विश्वास नसेल तर हात जोडून गप्प उभ्या राहा, पण सासूबाईंसमोर 'भूत' हा शब्द नको.

हे सगळं सिंधुदुर्गाकडचं. घाटावर राखणदार म्हणजे बहुतेक शेत राखणारा माणूसच. आमच्यातही वाडीगणिक रीत बदलते; कुठे कोंबडा, कुठे फक्त नारळ. तुमच्या घरी काय चालतं ते सासूबाईंनाच विचारा.