गाण्याआधी नाव घे

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

परवा स्पर्धा संपल्यावर तू सभागृहाच्या पायऱ्यांवर एकटीच बसली होतीस. परीक्षकांचं बोलणं तुला लागलं होतं. आवाज छान आहे, पण तुझं स्वतःचं काय? रात्री तू मला विचारलंस, "काका, कव्हर गाणं, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण गाणं, हे उसने दागिने घालून मिरवणं का? बंद करू का?"

तुझा गळा चांगला आहे हे मी सांगत बसत नाही, ते तुला ठाऊक आहे. मला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. तू माईकपाशी आलीस, डोळे मिटलेस आणि थेट गायला लागलीस. गाणं कुणाचं, हे एका शब्दाने सांगितलं नाहीस. परीक्षकांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, आणि का वाटलं ते नीट सांगायला हे पत्र.

आर्थर अलेक्झांडर. हे नाव आधी दोनदा मोठ्याने म्हण, मग पुढे वाच.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, शेफील्ड गावी, १९४० साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा. तरुणपणी हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा आणि गाणी रचायचा. १९६१ मध्ये जवळच्याच मसल शोल्स गावात रिक हॉल नावाच्या माणसाने तंबाखूच्या जुन्या गोदामात त्याचं 'यू बेटर मूव्ह ऑन' ध्वनिमुद्रित केलं. गरीब प्रियकर श्रीमंत प्रतिस्पर्ध्याला सांगतो, तू इथून जा. ओरडत नाही, धमकावत नाही, बसल्या जागेवरून सांगतो. १९६२ मध्ये हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच्या कमाईतून रिक हॉलने 'फेम' स्टुडिओची नवी वास्तू उभी केली, आणि १९६७ साली तिथेच विख्यात गायिका ॲरेथा फ्रँकलिन गाऊन गेली.

१९६२ मध्येच अलेक्झांडरचं 'ॲना' हे गाणं आलं आणि तिकडे लिव्हरपूलच्या चार पोरांनी ते उचललं. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात बीटल्सनी पहिल्या एलपीतली, म्हणजे मोठ्या तबकडीतली, दहा गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यात हेही होतं. पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्स या बँडचं 'यू बेटर मूव्ह ऑन' आलं. १९८८ मध्ये गायक बॉब डिलनने अलेक्झांडरचं 'सॅली सू ब्राऊन' घेतलं. बीटल्स, स्टोन्स आणि डिलन, तिघांनीही त्याची रचना ध्वनिमुद्रित केली.

आणि तो स्वतः? सत्तरच्या दशकानंतर त्याने गाणं सोडलं आणि क्लीव्हलंड शहरात बस चालवू लागला.

आता माझं ऐक. ऐंशीच्या दशकात मी पुण्यात एका हॉटेलात शनिवारी रात्री गिटार वाजवून गायचो. 'ॲना' माझं हातखंडा गाणं होतं. दर शनिवारी मी माईकवर म्हणायचो, "आता बीटल्सचं एक गाणं." वर्षानुवर्षं म्हणायचो. लोक टाळ्या द्यायचे. त्याच वेळी ज्याचं ते गाणं, तो माणूस बसचं स्टिअरिंग धरून बसलेला होता.

तेव्हा माहिती कुठे मिळायची, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. कॅसेटच्या कागदावर धड नावं नसायची, हॉटेलमालकाला घाई असायची, निवेदन लांबलं की तो हात दाखवायचा. सगळं खरं आहे. पण एलपी माझ्या घरी होती! लेबलवर, गाण्याच्या नावापुढे, कंसात बारीक अक्षरात 'अलेक्झांडर' लिहिलेलं होतं. रेकॉर्ड फिरत असताना ते वाचता येत नाही. ती थांबवून, हातात घेऊन, उजेडाकडे धरावी लागते. मी ती शेकडो वेळा लावली, पण वाचण्यासाठी हातात एकदाही धरली नाही. धरली तेव्हा आर्थर अलेक्झांडर जाऊन काही वर्षं झाली होती. १९९३ साली, कितीतरी वर्षांनी नवा अल्बम आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये नॅशव्हिलला तो गेला. त्रेपन्न वर्षांचा होता.

म्हणून सांगतो, नाव घे. गाण्याआधी नाव घे.

कव्हर गाणं कमीपणाचं नाही. अलेक्झांडरही दुसऱ्यांची गाणी गायचा. 'सोल्जर ऑफ लव्ह' बझ केसन आणि टोनी मून यांनी लिहिलं, ते याने गायलं, मग बीटल्सनी बीबीसीसाठी गायलं आणि १९९९ मध्ये पर्ल जॅम या रॉक बँडने. 'बर्निंग लव्ह' डेनिस लिंडने लिहिलं. एल्व्हिसच्या आधी ते अलेक्झांडरने गायलंय, पण आज कुणालाही विचार, एल्व्हिसचंच नाव सांगतील. गाणी अशीच हातोहात जातात आणि जायलाच हवीत. वाटेत गळतात ती नावं.

आपल्याकडे तुकोबांना हे पक्कं माहीत असावं. 'तुका म्हणे' अभंगातच बांधून ठेवलं. साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, कुठल्याही गावचं भजनी मंडळ टाळ घेऊन बसलं की नाव घेतल्याशिवाय अभंग पुरा होतच नाही. ख्याल गाणारे गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतात, ते तू लहानपणापासून पाहिलंयस. मग इंग्रजी गाणं गाताना हे संस्कार कुठे जातात?

तुला वाटेल, काका स्वतःचं गाऱ्हाणं घालतोय. हो, घालतोय. माझी एक चाल एका मंडळाने दहा वर्षं गणपतीत वाजवली, "पारंपरिक" म्हणून. मी गर्दीत उभा राहून ऐकायचो. पैसे मागायचे नव्हते मला. एकदा कुणी नाव घेतलं असतं तर माझ्या आईने ते ऐकलं असतं. तेव्हा ती होती. मी हट्टी झालो तो तेव्हापासून, आणि हा हट्ट मी सोडणार नाही.

आता तुझा प्रश्न. स्वतःचं काय ते दोन्ही 'ॲना' पाठोपाठ ऐकलीस की कळेल. आर्थरच्या गाण्यात पियानोची छोटी ओळ फिरून फिरून येते आणि तो तिला शांतपणे सांगतो, अंगठी परत दे आणि जा त्याच्याकडे. सगळं आधीच ठरलेलं आहे, असा सूर. बीटल्सनी पियानोची ओळ गिटारवर घेतली, आणि ते गाणाऱ्या जॉन लेननचा घसा त्या दिवशी सर्दीने बसलेला. तो त्याच शब्दांवर चिरकतो, त्याला सोडवत नाही. शब्द तेच, चाल तीच, माणसं दोन. लेननचं स्वतःचं तिथे ऐकू येतं, कारण आर्थर कुठे थांबतो हे त्याच्या कानात पक्कं बसलेलं होतं. तू मूळ गाणं ऐकलंच नव्हतंस. परवा तू कव्हरचं कव्हर गायलीस, मधल्या माणसाच्या हरकतींसकट. ज्याचं नाव शोधावंसं वाटलं नाही, त्याचा श्वास तुला कुठून ऐकू येणार?

रागावू नकोस. माझा मुलगा म्हणतो मी फार बोलतो, म्हणून फोन न करता लिहिलं.

रविवारी दहाला ये. रेकॉर्ड काढून पुसून ठेवतो. प्लेअरची सुई बदललीय, पण डावा स्पीकर अजून खरखरतो. येताना परवाच्या गाण्याच्या मूळ गायिकेचं नाव आणि गाव वहीत लिहून आण. आधी नाव वाचशील, मग गायला बसू.

तुझा,
काका