मोरोक्कोतलं फेस शहर एका दिवसात बघून होतं का? गाइड घ्यावा का?

गाइड घ्या. एका दिवसाचं मग सांगते.

माझा नवरा शनिवार पेठेत वाढलेला. "बोळांतून फिरायला कुणी पैसे देतं का?" हे त्याने हॉटेलच्या दारातच ऐकवलं आणि मी गप्प बसले, तिथेच चुकलं. बाब बू जलूदच्या निळ्या दरवाज्यातून आत शिरलो (आत गेल्यावर मागे वळून बघा, ती बाजू हिरवी आहे), तलआ कबीरा या मुख्य बोळाचा उतार धरला आणि अर्ध्या तासात मॅपवरचा आमचा ठिपका लोकांच्या घरांतून फिरायला लागला. जुन्या शहरात मोटारी शिरतच नाहीत. गॅसच्या सिलिंडरपासून कातड्यांपर्यंत सगळं गाढवा-खेचरांच्या पाठीवर. मागून "बालाक!" अशी आरोळी आली की भिंतीला चिकटायचं, नाहीतर खेचर तुम्हाला चिकटवतं.

एका वळणावर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा म्हणाला, पुढे रस्ता बंद आहे, इकडून या. रस्ता बंद वगैरे काही नव्हता. दहा मिनिटांत आम्ही एका चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवर, नाकाशी पुदिन्याची काडी, खाली शुआरा या चामडं कमावायच्या जागेचे हौद. चुना आणि कबुतरांची विष्ठा घातलेल्या पाण्यात कातडी मऊ करतात, मग रंगाच्या हौदांत माणसं उतरून ती तुडवतात. बघण्यासारखं आहेच, नाही म्हणत नाही. पण खाली यायची वाट दुकानातूनच. नवऱ्याने 'उंटाच्या चामड्याची' बॅग घेतली, वर त्या पोराने वाट दाखवल्याचे पैसे मागितले. रात्री हिशेब केला, तर सरकारी ओळखपत्रवाला गाइड याहून स्वस्तात पडला असता.

या सगळ्यात अत्तारीन मदरशाला बंद व्हायच्या वेळी पोचलो. 1325 सालची इमारत. खाली झेलीजच्या, म्हणजे रंगीत तुकड्यांच्या नक्षीच्या फरश्या, वर कोरलेला गिलावा, त्याच्या वर देवदाराचं लाकूड. आणि आम्हाला मिळाली आठ मिनिटं! शेजारच्या करावियीन मशिदीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, दारातून अंगण दिसतं तेवढंच. 859 साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने ती बांधवली असं मानतात. हे मी नवऱ्याला सांगत होते, तो बॅगेची चेन लावत होता.

आता गाइड म्हणजे साधुसंत नव्हेत, तेही दुकानांत नेतात. सकाळीच स्पष्ट सांगा, खरेदी नाही. शुक्रवार टाळा, बाजार बराचसा बंद असतो. बू इनानिया मदरसा चुकवू नका.

पाहुणे आले की नवरा अजून सांगतो, "आम्ही फेस गाइडशिवाय पालथं घातलं." बॅग माळ्यावर आहे, पावसाळ्यात तिचा वास हॉलपर्यंत येतो.

हां, एका दिवसाचं. आमच्याकडे दोन दिवस होते, त्यातला एक बॅगेत गेला.