वाचकांचे प्रश्न : फायबरच्या गाडीला अर्थ कुठून द्यायचा?

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच कामाबद्दल आहेत : इंजिन बदललेल्या स्पोर्ट्स कारचा वायरिंग हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) घरच्या घरी बनवणं. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे जुनी सॅन स्टॉर्म आहे. मूळचं १.२ लिटरचं इंजिन काढून १.६ लिटरचं चार सिलिंडरचं बसवलंय, स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा स्वतंत्र संगणक) घेतलाय. गॅरेजवाले म्हणतात, जुन्याच वायरिंगला जोड देऊ. नवा हार्नेस करायचा तर सुरुवात कुठून करू? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : जोड देऊ नका. वीस-पंचवीस वर्षांत पीव्हीसी कडक होतं, वाकवलं की तडकतं, आणि आतलं तांबं काळं पडलेलं असतं. काळ्या तांब्यावर क्रिम्प (दाबून बसवलेला जोड) धरत नाही आणि सोल्डरही बसत नाही. दिवे, वायपर, हॉर्न यांचं वायरिंग शाबूत असेल तर राहू द्या. इंजिनाचा हार्नेस मात्र वेगळाच करा, स्वतःच्या फ्यूज आणि रिलेसकट.

सुरुवात कागदावर होते. प्रत्येक वायरीला एक ओळ : नंबर, रंग, कुठल्या कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) कुठल्या पिनेपासून कुठल्या पिनेपर्यंत, जाडी, किती अँपिअर, लांबी. चार इंजेक्टर, चार इग्निशन कॉइल, क्रँक, कॅम, मॅप (इनटेकमधला दाब) आणि थ्रॉटल यांचे सेन्सर, दोन तापमान सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, पंप आणि पंख्याचे रिले एवढं मांडलं तरी पन्नासच्या आसपास ओळी होतात. तो तक्ता पुरा झाल्याशिवाय वायर विकत घेऊ नका. मग गाडीत ईसीयू, फ्यूज बॉक्स आणि सगळे सेन्सर जागेवर बसवून सुतळी फिरवा, फांद्या जिथे फुटतात तिथे गाठ मारा. सुतळी काढून प्लायवूडवर ठेवा, गाठीपाशी खिळे ठोका. हा झाला तुमचा बोर्ड. लांबी मोजताना इंजिन रबर माउंटवर हलतं हे विसरू नका, इंजिनाकडच्या फांदीत ५-६ सेंटिमीटर ढील हवी.

आता तुमच्या गाडीची खरी अडचण. बॉडी फायबरग्लासची आहे. पत्र्याच्या गाडीत वायरमन कुठेही स्क्रू मारून अर्थ (म्हणजे ग्राउंड, करंट बॅटरीकडे परतायची वाट) घेतो, फायबरमधून करंट परत येणार नाही. त्यामुळे दिवा असो की पंप, प्रत्येकाला परतीची वायर ओढावी लागते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकला जाड केबल द्या आणि ब्लॉकवर रंग खरवडून एक मुख्य अर्थ पॉइंट करा. ईसीयूचे पॉवर ग्राउंड तिथे आणा. कॉइलचे ग्राउंड सिलिंडर हेडवर वेगळ्या बोल्टला. सेन्सरचे ग्राउंड या दोन्हींपासून लांब ठेवा. ते फक्त ईसीयूच्या 'सेन्सर ग्राउंड' पिनेला जातात. त्यातला एक जरी ब्लॉकला टेकला तरी स्टार्टर फिरताना थ्रॉटलचं रीडिंग नाचतं.

इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात हवी, त्याची परवानगी आरटीओकडून आधीच घ्यायची असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

प्रश्न : लोहार चाळीत दीडची आणि अडीचची (चौरस मिमी) घरगुती एफआर (आग न पसरवणारी) वायर स्वस्तात मिळते. तांबं ते तांबंच, मग गाडीची वेगळी वायर कशाला? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : तांब्याचं ठीक आहे, बाकीचं नाही. घरगुती वायरीचं पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं. एक्झॉस्टजवळ ते नरम पडून शेजारच्या वायरीला चिकटतं. शिवाय त्याची जाडी जास्त. कपलरच्या रबर सीलमधून वायर जात नाही, टर्मिनलचे (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या पिनेचे) मागचे कान तिच्यावर मिटत नाहीत. मग कारागीर सील काढून टाकतो, आणि पहिल्या पावसात पिना हिरव्या पडतात. गाडीसाठी एफएलआरवाय-बी मागा : पातळ आवरण, १०५ अंश. एक्झॉस्टच्या बाजूला टीएक्सएल, तिचं आवरण १२५ अंश सोसतं. सेन्सरला ०.५, इंजेक्टर-कॉइलला ०.७५ ते १ चौरस मिमी पुरते.

जाडी लांबीवरही ठरते. डिकीतला पेट्रोल पंप १२ अँपिअर घेतो आणि रिले तिथून साडेचार मीटरवर आहे असं धरा. दीडच्या वायरीत जाताना ०.६३ व्होल्ट पडतात. फायबरच्या गाडीत परतीलाही तेवढेच, म्हणजे सव्वा व्होल्ट वायरीतच गेले. पंप मंद होतो, आणि त्याचा फटका बसतो तो नेमका फुल थ्रॉटलवर, जेव्हा पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं. चारची वायर दोन्ही बाजूंनी ओढली तर नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत येतं. फ्यूज २० अँपिअरचा, बॅटरीच्या बाजूला. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायरीच्या जाडीवर ठरवायचा.

प्रश्न : क्रिम्प की सोल्डर? आमचा मेकॅनिक दोन्ही करतो, म्हणजे 'डबल पक्कं'. (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : दोन्ही केलं की जोड उलट कमकुवत होतो. सोल्डर वितळून तारांमधून वर चढतं आणि टर्मिनलमागचा पाऊण-एक सेंटिमीटर भाग काडीसारखा ताठ होतो. इंजिनाच्या थरथरीने वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. वरून आवरण शाबूत दिसतं, म्हणून दोष सापडता सापडत नाही.

चांगला क्रिम्प भिंगाखाली ओळखता येतो. पुढच्या कानांच्या पलीकडे तारांची टोकं अर्धा ते एक मिलिमीटर बाहेर दिसली पाहिजेत. दोन्ही कान आत वळून तारांमध्ये रुतलेले हवेत, एकमेकांवर चढलेले नकोत. मागचे कान फक्त आवरणाला धरतात, त्यांनी ते फाडता कामा नये. पुढच्या आणि मागच्या कानांमधल्या फटीत थोडं तांबं आणि थोडं आवरण दोन्ही दिसलं, की वायर बरोबर बसली. ०.५ च्या वायरीत सोळा तारा असतात. सोलताना त्यातल्या दोन तुटल्या तर टोक कापून पुन्हा सोला.

साध्या पकडीने दाबलेलं टर्मिनल बसल्यासारखं वाटतं, पण आत हवा राहते. रॅचेटचं क्रिम्पिंग टूल घ्या, आणि त्याचे जबडे त्या टर्मिनलच्या जातीचे बघा : डॉइच कपलरच्या बंद गोल पिनांना चार बाजूंनी दाबणारं टूल लागतं, सुपरसील कपलरच्या उघड्या कानांना वेगळं. नागदेवीला हत्यारं बघायला जाल तेव्हा तुमचं टर्मिनल खिशात असू द्या.

सगळे क्रिम्प मारायला घेण्याआधी तीन नमुने बनवा आणि सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने ओढा. ०.५ ची वायर ६ किलोंना, दीडची १५ किलोंना निसटता कामा नये. या चाचणीसाठी मागचे कान दाबू नका, नाहीतर ताकद आवरणाची मोजली जाईल.

प्रश्न : हार्नेस नवा आहे, गाडी छान सुरू होते. पण ४००० आरपीएमच्या वर टॅकोमीटर उड्या मारतो आणि इंजिन ठसकतं. क्रँक सेन्सर दोनदा बदलला. (एक वाचक, वाशी)

उत्तर : सेन्सर बहुधा चांगलाच होता. दोन पिनांचा मॅग्नेटिक सेन्सर असेल तर आधी दोन वायरी उलट झाल्या आहेत का ते बघा. उलट जोडल्या तरी गाडी सुरू होते, पण ईसीयूला क्रँकच्या दातेरी चाकावरच्या दाताची चुकीची कड दिसते आणि वेग वाढला की टायमिंग सरकतं, गाळलेल्या दातापाशी मोजणी चुकते. मग शील्ड (वायरीभोवतीचं धातूचं आवरण) तपासा : तिचं टोक फक्त ईसीयूकडे जोडलेलं हवं, सेन्सरकडे मोकळं. दोन्हीकडे अर्थ केलं तर शील्डमधूनच करंट वाहतो. तिसरी गोष्ट वाट. ही वायर कॉइलच्या किंवा अल्टरनेटरच्या वायरीबरोबर एकाच टेपमध्ये बांधली असेल तर सोडवून वेगळी न्या. सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या हव्यात, अडीच सेंटिमीटरला एक पीळ. ड्रिलच्या चकमध्ये टोकं धरली की दोन मिनिटांचं काम.

प्रश्न : पावसाळ्यात काय काळजी घ्यायची? (एक वाचक, परळ)

उत्तर : हिंदमाताला तुंबणारं पाणी तुम्हाला सांगायला नको. कपलर गरम असताना अचानक पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. म्हणून प्रत्येक वायरीला सील आणि प्रत्येक रिकाम्या पिनेच्या भोकाला प्लग हवाच. एक भोक उघडं राहिलं तर बाकीच्या सीलचा उपयोग नाही. ईसीयूचा कपलर खाली तोंड करून बसवा आणि हार्नेस खालून वर चढू द्या, म्हणजे ओघळ वळणावरच ठिबकतो. काळी पीव्हीसी टेप बोनेटखाली वापरू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून हाताला लागतो. कापडी हार्नेस टेप घ्या. सगळे जोड चिकट गोंदाच्या हीट श्रिंकमध्ये (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीत), आणि शेजारचे दोन जोड ४ सेंटिमीटर मागेपुढे.

उंदरांवर हमखास उपाय नाही. जमिनीलगतच्या फांदीवर स्टीलच्या जाळीची स्लीव्ह चढवा, निदान दात घासायला त्यांना वेळ लागेल.

प्रश्न : रेसिंगमधल्यासारखं कॉन्सेंट्रिक ट्विस्टिंग करू का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : मध्ये एक वायर, तिच्याभोवती सहा, मग उलट्या पिळात बारा, मग अठरा. हार्नेस बारीक आणि लवचीक होतो, वाकताना ताण सगळ्या वायरींत वाटला जातो. पण नंतर एक वायर बदलायची तर सगळं उकलावं लागतं. रस्त्यावरच्या गाडीला गरज नाही. तो वेळ वायरींना दोन्ही टोकांना नंबरची स्लीव्ह घालण्यात घालवा. आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरची वायर लांबवायला त्याचा मूळ कपलर कापू नका. एलएसयू ४.९ जातीचा सेन्सर असेल तर त्या कपलरमध्येच त्या सेन्सरचा कॅलिब्रेशन रेझिस्टर असतो. लांबवायचं ते कपलरच्या अलीकडे, हार्नेसच्या बाजूला.