रिपोर्टमध्ये 'लाइक' लिहिलंय, म्हणजे काय समजायचं?

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता समोरच्याने खुर्चीत बसायच्या आधी मोबाईल पुढे केला की मला अंदाज येतो. "मॅडम, कॅन्सरसारखं काहीतरी आलंय, फायनल यायला आठवडा आहे, तोपर्यंत करायचं काय?"

त्यातलेच हे एक गृहस्थ (तपशील थोडे बदललेत). वाशीच्या फळ मार्केटात गाळा, राहायला कोपरखैरणे. मुलगी १७ वर्षांची, तीन आठवडे ताप, घसा धरलेला, मानेत गाठी. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की पहिली भीती टीबीची, तो निघाला नाही पण पेशी विचित्र दिसल्या म्हणून एक गाठ काढून बायॉप्सीला दिली. रिपोर्टमध्ये 'रीड-स्टर्नबर्ग-लाइक सेल्स', म्हणजे रीड-स्टर्नबर्ग नावाच्या कॅन्सरपेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी, खाली ईबीव्ही (एपस्टिन-बार व्हायरस) टेस्ट आणि आयएचसी (पेशींवरच्या खुणा रंगवून ओळखायची चाचणी) करा असा शेरा. यांनी 'लाइक' सोडून बाकीचं गूगल केलं, हॉजकिन्स लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा एक कॅन्सर) निघाला, झोप गेली. दिवसातून पंधरा वेळा पोरीची मान चाचपायचे, ती बिचारी वैतागलेली.

मी डॉक्टर नाही, पण माझ्या पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने एकदा चहावर समजावलेलं मला पुरतं. एपस्टिन-बार व्हायरस नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात असतो, आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, कळतही नाही. वयात आल्यावर पहिल्यांदा गाठला तर मोनो (मोनोन्यूक्लिओसिस, ताप, घसा आणि गाठींचा आजार) होऊ शकतो. व्हायरस बी-पेशींत (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत) शिरतो, प्रतिकारशक्ती खवळते, गाठीतल्या पेशी फुगतात आणि काहींत दोन केंद्रकं शेजारी शेजारी दिसतात, घुबडाच्या डोळ्यांसारखी. हॉजकिन्सची ओळखही नेमकी तीच. सीडी३० नावाची खूण दोन्हीकडे येऊ शकते, सीडी१५ मात्र बहुतेक वेळा हॉजकिन्समध्येच.

"मग व्हायरस सापडला की सुटलो ना?"

तसंही नाही, म्हटलं. हा व्हायरस १९६४ मध्ये पहिल्यांदा दिसला तोच एका लिम्फोमाच्या पेशींत, आणि हॉजकिन्सच्याही काही केसेसमध्ये असतो. 'काही होणार नाही हो' हे वाक्य मी कोणालाच देत नाही, त्याची धीर द्यायची ताकद जिन्यापर्यंतसुद्धा टिकत नाही.

तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, सीझन कसा चाललाय? म्हणाले, कर्नाटकचा माल देवगडच्या पेटीत घालून विकतात लोक, गिऱ्हाईक फसतं. "तुम्ही बघून ओळखता?" "छे, वरून काय ओळखणार, रंग तोच, आकार तोच. कापून बघतो, वास घेतो, मग बोलतो." आणि थांबले. मी मुद्दाम काहीच बोलले नाही (इतक्या वर्षांत एवढं एक मला बरं जमायला लागलंय, गप्प बसणं). मग हळूच म्हणाले, "म्हणजे लॅबवाले आत्ता आंबा कापतायत." हे वाक्य मी दिलं असतं तर त्यांनी मान हलवून सोडून दिलं असतं.

माझ्या मते माणसाला आजार कमी आणि 'च' जास्त छळतो. मला आजच कळायलाच हवं, खात्री हवीच. खात्री हवी असणं साहजिक आहे, मागायचीही, पण 'च' लावला की वाट बघणं शिक्षा होते. असा आठवडा वाट्याला आला तर रिपोर्ट घरात एकानेच वाचावा, शंका कागदावर लिहून डॉक्टरांनाच विचाराव्यात, गाठ रोज दाबू नये, दाबून ती दुखतेच आणि मग दुखली म्हणून परत भीती. काळजीला संध्याकाळचा अर्धा तास ठरवून द्यावा. ते गाळ्यावर परत जायला लागले, पहाटे.

आयएचसी आणि रक्ताच्या टेस्टने मोनो म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी विश्रांती दिली, प्लीहा सुजलेली असते म्हणून महिनाभर कबड्डी बंद, तिला तेवढंच वाईट वाटलं.

शेवटच्या भेटीला परत मोबाईल घेऊन आले. "मॅडम, इथं लिहिलंय मोनो झालेल्यांना पुढे हॉजकिन्सचा धोका थोडा वाढतो." खरंय, म्हटलं, पण मुळात तो आजारच क्वचित होतो, त्यामुळे वाढूनही लहानच राहतो. "पण तिला नाहीच होणार ना?" विचारलं आणि स्वतःच हसायला लागले, "आला बघा, परत 'च' आला."