वाचकांचे प्रश्न : चिलीची चेरी आणि चीनची बाजारपेठ

प्रश्न : चिली आणि चीन यांच्यामध्ये अख्खा प्रशांत महासागर आहे. इतक्या दूरच्या देशांमधला व्यापार मुक्त व्यापार करारामुळेच वाढतो, की राजनैतिक संबंधांचाही त्यात खरोखर वाटा असतो?

उत्तर : वाटा मोठा असतो आणि तो करारावर सह्या होण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. चिलीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने डिसेंबर १९७० मध्ये साम्यवादी चीनशी राजनैतिक संबंध जोडले; दक्षिण अमेरिकेत हे पाऊल पहिल्यांदा चिलीने उचलले. १९७३ च्या लष्करी उठावानंतर पिनोशे यांची कट्टर साम्यवादविरोधी राजवट आली, तरीही हे संबंध तुटले नाहीत. पुढे २००५ मध्ये चीनने लॅटिन अमेरिकेतला आपला पहिला मुक्त व्यापार करार चिलीशी केला, त्यामागे तांब्याच्या गरजेइतकेच हे टिकवलेले सातत्यही होते, असे माझे मत आहे.

तांब्याला गिऱ्हाईक कराराशिवायही मिळाले असते. राजनयाचा कस लागतो तो ताज्या फळांच्या बाबतीत, कारण आयातशुल्क शून्यावर आले तरी फळ परक्या बंदरातून बाहेर पडेलच असे नाही. कोणत्या बागेतला आणि कोणत्या पॅकिंग केंद्रातला माल चालेल, त्यावर कोणती कीड आढळता कामा नये, तपासणी कोणी करायची, हे सारे दोन्ही देशांचे अधिकारी वाटाघाटींतून ठरवतात. या किचकट कामाची बातमी क्वचितच होते, पण माझ्या लेखी सहकार्य म्हणतात ते हेच. त्याच्याच बळावर चिलीच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यात, उतरवलेली चेरी खास जलद जहाजांनी तीन-साडेतीन आठवड्यांत दक्षिण चीनमध्ये पोहोचते आणि चिनी नववर्षाला लाल रंग शुभ मानला जात असल्याने भेटीच्या खोक्यांतून घरोघरी जाते.

धोकाही इथेच आहे. चिलीच्या निर्यातीतली सुमारे नऊ-दशांश चेरी या एकाच देशात जाते. जानेवारी २०२५ मध्ये चेरीचे हजाराहून अधिक कंटेनर घेऊन निघालेले एक जहाज भर समुद्रात बंद पडले आणि सण उलटून गेल्यावर बंदराला लागले, तोवर फळ विकण्याजोगे उरले नव्हते. त्यामुळे नव्या बाजारपेठा उघडणे ही आता चिलीच्या राजनयाची तातडीची जबाबदारी आहे. मे २०२५ मध्ये भारताबरोबरच्या व्यापक आर्थिक भागीदारी करारासाठी वाटाघाटींची चौकट ठरवून त्याने त्या दिशेने एक पाऊल टाकलेही आहे.